एक बांगडी हातात ठेवून

कोल्हापुरात बांगडी फुटत नाही, वाढते. सवाष्णीच्या हातातली काच तडकली तरी ‘फुटली’ हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही. ‘वाढली’ म्हणतात, तुकडे पदरात गोळा करतात आणि कामाला लागतात. मण्याराच्या दुकानात हा शब्द उठता-बसता येतो. रफिक मण्यार असल्याच दुकानात लहानाचा मोठा झाला. त्यामुळे त्याने यंत्राचा धंदा सुरू केला तेव्हा हा शब्द न बोलावता यंत्रालाही येऊन चिकटला.

महाद्वाराजवळच्या बोळातलं हे दुकान महाराज गादीवर येण्याच्याही आधीचं. रफिकचे वडील गैबी आणि आई चाँदबी दोघं मिळून ते चालवत. गैबी माल बघत, चाँदबी बायकांच्या हातात बांगड्या भरी. दुकानात नि बाहेर मराठी, आत घरात दखनी, असा रिवाज होता. रफिक काचेचा माल आणायला मुंबईला जाई. अशाच एका फेरीत तो लाकडी पेटीतला फोनोग्राफ घेऊन आला.

त्या यंत्राला एक आडवा दांडा होता. त्यावर मेणाचं पोकळ नळकांडं चढवायचं, चावी द्यायची, सुई टेकवायची, की कर्ण्यातून आवाज येई. नळकांडं मनगटावर चढवल्यासारखं जपून चढवावं लागे. बोळातल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव बांगडी ठेवलं. पुढचे शब्द तयारच होते. आवाज नसलेली ती कोरी बांगडी, आवाज साठवायचा म्हणजे बांगडी भरायची, आणि नळकांडं तडकलं तर बांगडी वाढली.

या यंत्राची खरी मोठी गोष्ट अशी की ते बोलत असे तसंच ऐकतही असे. सुईचं डोकं बदलून कर्ण्यात तोंड घालून गायलं की मऊ तपकिरी मेणावर आवाज कोरला जाई. तो नको झाला तर यंत्रालाच एक लहानसा रंधा होता. त्याने वरचा पापुद्रा तासून काढला की बांगडी पुन्हा कोरी. कंपनीने स्वतः भरून पाठवलेल्या बांगड्या वेगळ्या असत. त्यांचं मेण काळं आणि टणक, त्यावर दुसरं काही उमटत नसे. रफिक दोन्ही विकी, पण बोळात गाजल्या त्या कोऱ्या. कोणी आजोबांची शिवी भरून नेली, कोणी तान्ह्या मुलाचं रडणं.

दुकानातली पहिली बांगडी भरली ती चाँदबीने. जुन्या गिऱ्हाईक चिमणाबाईंच्या हातात ती बांगड्या चढवत होती, नेहमीसारखी गुणगुणत होती, आणि रफिकने कर्णा तिच्याकडे वळवून सुई सोडली.

मूठ मिट गं सई, नजर लाव दारा,
चुडा चढला हाती, कळलं न्हाई जरा.

गिऱ्हाईक बाईचं लक्ष दुखऱ्या मनगटावरून उडावं म्हणून म्हणायचं हे गाणं होतं. आवाज इतका स्वच्छ आला की यंत्र बघायला येणाऱ्या प्रत्येकाला रफिक तीच बांगडी लावून दाखवू लागला. गाणं संपलं की सुई उचलायची, किंमत सांगायची.

दोन पावसाळ्यांनी चाँदबी तापाने गेली. भरल्या हाताने गेली, असं बोळ म्हणाला. बांगडी मात्र दुकानातच लागत राहिली, कारण ती ऐकून यंत्रं खपत होती. मेणाचा दोष असा की सुई दर वेळी थोडा आवाज खाते. हे लक्षात आलं तोवर गाण्याची नुसती तडतड उरली होती. तापल्या तेलात मोहरी पडावी तशी. रफिकने ती बांगडी कापसात गुंडाळून फळीवर ठेवली. गैबी कधीकधी दुपारी ती लावायला सांगत आणि डोळे मिटून ऐकत.

“काय ऐकू येतंय का अब्बा?” रफिक विचारी.

“येतंय की,” गैबी म्हणत. “तुमचं कान पोरवयाचं. तुमास्नी न्हाई यायचं.”

बोळात संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर दोघे ठरलेले बसत. एक हंबीरराव, नदीपलीकडे ऊस करणारे आणि गल्लीतल्या तालमीचे कारभारी. दुसरे कापडवाले आकाराम. हंबीररावांचा पक्ष बांगडीचा. आकारामने नुकतंच दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र घेतलं होतं. त्यावर चपटी काळी तबकडी फिरे, आवाज खणखणीत येई. बांगडीची कंपनीही आता त्याच वाटेने निघाली आहे, बांगड्या बंद करून तबकड्या काढणार आहे, अशी बातमी होती. पेठेत त्यावर गुळाच्या दराइतका वाद चाले.

“शानी हाय कंपनी,” आकाराम म्हणाला. “तबकडी कशी, एकावर एक रचून ठेव. दोन्ही अंगांनी गाती. पडली तर पडली. तुमची बांगडी म्हंजे गरवार बाईगत जपायची.”

“आणि त्यात आवाज भरता येतो का?” हंबीररावांनी विचारलं.

“भरायचा कशाला? माझ्या घरात गाणारं कोण हाय? आमची बायकू भांडती, त्ये भरून ठिवू व्हय?”

“ठेव की. ती गेल्यावर रुपाया देऊन ऐकशील.”

पायरीवरचे हसले. आकारामही हसला, पण हटला नाही. “दादा, मुंबईची मोठी गाणारीण माझ्या दुकानात येऊन गाती. आठ आणे खर्चून तिचं दर्शन झालं नसतं. कंपनीनं ती घरात आणून दिली. तुमी म्हणताय, कंपनी वाईट.”

“वाईट म्हनत न्हाई. तिला तोंड हाय, कान न्हाई, एवढंच म्हनतोय. मुंबईनं गायचं आणि कोल्हापुरानं माना डोलवायच्या. आमच्या गैबीभाईची रिवायत कुठल्या तबकडीत येणार?”

 मोहरमात हंबीररावांच्या तालमीचा पंजा निघे तेव्हा आधी गैबी मण्यारांनी करबलाची रिवायत, म्हणजे तिथे पाण्यावाचून लढून पडलेल्यांचं शोकगीत, म्हणायची, ही रीत तालमीइतकीच जुनी होती. त्या चौकात हिंदू आणि मुसलमान सारखेच बसत आणि सारखेच रडत. शब्द अनेकांना पाठ होते. त्यांनी म्हटले तर ते शब्दच राहत. गैबींनी म्हटलं की वाळवंट दिसे.

कंपनीचा फिरता एजंट दिवाळीच्या आधी आला. सुरतेकडचा माणूस, मराठी मुंबईत शिकलेला, सभ्य. त्याने वहाणा पायरीखाली काढल्या, चहा घेतला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं की बातमी खरी आहे.

“कोऱ्या सिलिंडरचा कारखाना बंद झाला, रफिकभाई. मुंबईच्या वखारीत शेवटच्या थोड्या पेट्या आहेत. ज्या दुकानाला गरज आहे त्याला देणार. नंतर नाही.”

“पण कशापायी? लोकं घेत्यात की.”

“तुमच्या बोळात घेतात. बाकी ठिकाणी दहा यंत्रं विकली तर नऊ माणसं एकदा स्वतःचं नाव बोलतात, हसतात, आणि मग दुसऱ्याचीच गाणी मागतात. कंपनी दहाव्या माणसासाठी कारखाना कसा चालवणार?”

हिशेब चुकीचा नव्हता. रफिक स्वतः दुकानदार होता, त्याला तो कळला.

“बरं, मागच्या पेटीतल्या कोऱ्यांचं काय झालं?” एजंटने विचारलं.

“त्या व्हय? निम्म्याच्या वर वाढल्या की वो.”

“वाढल्या?”

“तर! परड्यात पडल्यात सगळ्या, बघायच्या तर बघा.”

एजंटने बघितल्या नाहीत. त्याने दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवला. “मग पुढे काय करू?”

“तुमीच ठरवा आता. सायबास्नी सांगा, रफिकच्या दुकानात वाढल्या म्हनून.”

“सांगतो,” एजंट म्हणाला.

दोघांनाही आपलं काम नीट झालं असं वाटलं. बांगड्या वाटेत तुटल्या, त्याची भरपाई येईल, असं रफिकने धरलं. माल शिल्लक राहून परड्यात पडला आहे, असं एजंटने धरलं.

गैबींचा आवाज पावसाळ्यापासूनच बसला होता. हळद, ज्येष्ठमध, दर्ग्यातला धागा, सगळं करून झालं. दिवाळीनंतर घास गिळताना दुखू लागलं तेव्हा रफिक त्यांना आगगाडीने मिरजेला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं आणि स्वच्छ सांगितलं. गाठ आहे. कापली तर जीव राहील, आवाज जाईल. न कापली तर दोन्ही. पुढच्या पंधरवड्यात या.

परतीच्या गाडीत गैबी खिडकीकडे तोंड करून बसले. हातकणंगलं गेल्यावर म्हणाले, “मोहरम कवा हाय?”

“थंडीत. दीड-दोन म्हैनं हायत.”

“म्हंजे न्हाई जमायचं,” गैबी म्हणाले. 

रफिकने त्याच गाडीत ठरवलं की मिरजेला जाण्याआधी वडिलांची रिवायत भरून घ्यायची. दुकानात एकही धड कोरी बांगडी नव्हती. पण मुंबईहून पेटी यायची होती. तो रोज स्टेशनवर जाऊ लागला. पार्सलवाला त्याला लांबूनच हात हलवून नाही म्हणे. शेवटी पेटीऐवजी एजंटच आला. त्याच्याबरोबर हमालाच्या डोक्यावर नवं तबकडीचं यंत्र होतं.

“माझी पेटी?” रफिकने विचारलं.

“कोणती पेटी?”

“कोऱ्या बांगड्यांची. तुमी सायबास्नी सांगितलं न्हवं?”

“सांगितलं की. तुमच्याकडे वाढल्यात म्हणून सांगितलं. म्हणून तुमच्या नावची पेटी दुसऱ्या गावाला दिली. शेवटचीच होती.”

पायरीवर हंबीरराव बसले होते. ते उठून उभे राहिले. “पावणं, वाढल्या म्हंजे काय समजला तुमी?”

“वाढल्या म्हणजे जास्त झाल्या. शिल्लक राहिल्या.”

“अवो, वाढल्या म्हंजे फुटल्या! फुटल्या!”

बांगड्यांच्या दुकानात तो शब्द पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने उच्चारला गेला. आत गिऱ्हाइकाचा हात धरून बसलेली रफिकची बायको मेहमुदा हिने चटकन तोंडावर हात नेला. एजंट एकदा हंबीररावांकडे आणि एकदा रफिककडे बघत राहिला. कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

“फुटल्याला वाढल्या का म्हणता तुम्ही?” त्याने हळू विचारलं.

  एजंटने मुंबईला तार करून बघितली. उत्तर आलं, माल नाही. तो जाताना नवं यंत्र चार दिवस फुकट वापरायला ठेवून जातो म्हणाला. त्याच्या मनात चांगलंच होतं.

“त्ये अब्बाचं ऐकंल का?” रफिकने विचारलं.

“नाही,” एजंट म्हणाला. “हे फक्त बोलतं.”

“मग न्या.”

त्यानंतर रफिकने शोधायचं ते सगळं शोधलं. बोळात विकलेल्या कोऱ्या बांगड्या बहुतेकांच्या वाढल्या होत्या, उरलेल्या उन्हात वितळून वाकल्या होत्या. एका घरात एक धड होती. तीत तान्ह्या मुलाचं रडणं होतं आणि ते मूल आता नव्हतं. रफिकने ती मागितली नाही. पाणी पिऊन परत आला.

संध्याकाळी हंबीररावांनी फळीकडे बघितलं. कापसाची गुंडाळी तिथेच होती.

“बोलू नये,” ते म्हणाले, “पर ती हाय की. तीत आता काय ऱ्हायलंय? नुसती तडतड. रंधा मार आणि भर.”

 हा विचार रफिकच्या मनात आला नव्हता असं नाही. आईचा आवाज त्याने गिऱ्हाइकांना दाखवण्यात झिजवला होता, आणि बापाचा मिरजेत राहणार होता. एकाचं उरलेलं खरवडल्याशिवाय दुसऱ्याचं काही हाती लागत नव्हतं.

गैबी आतून ऐकत होते. घोगऱ्या आवाजात त्यांनी बाहेर विचारलं, “हंबीरराव, मण्याराच्या घरात बायकूच्या हातातली वाढवून नवऱ्याची भरत्यात, असं कुठं बघितलासा का?”

“तसं न्हवं गैबीभाई. तालमीच्या पंजापुढं...”

“पंजापुढं तालमीतला सयाजी म्हनंल. पोराला शब्द येत्यात.”

“सयाजी हजेरी घेतल्यागत म्हनतोय वो!”

“म्हनू द्या. पंजाला समद्यांची भाषा कळती.” मग ते म्हणाले, “तुमास्नी तडतड ऐकू येती. मला ती ऐकू येती. मी हाय तवर ती बांगडी तशीच ऱ्हाईल.”

विषय तिथे संपला असता. तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई सुरू झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी चिमणाबाई नातीच्या लग्नासाठी हिरवा चुडा भरायला आल्या. गैबी गादीवर बसले होते. मिरजेची गाडी परवाची होती. रफिक गाठोडं बांधत होता.

मेहमुदाने चिमणाबाईंचा हात मांडीवर घेतला. जुन्या बांगड्या एकेक करून हलक्या हाताने वाढवल्या आणि तुकडे सुपात टाकले. शेवटच्या बांगडीपाशी थांबली. हे सगळ्यांच्या सवयीचं होतं. सवाष्णीचा हात क्षणभरही रिकामा ठेवायचा नाही. एक जुनी हातात ठेवूनच नव्या भरायच्या, मग ती काढायची.

नवा चुडा चढल्यावर मेहमुदाचा हात त्या जुनीकडे गेला, तसा चिमणाबाईंनी हात आखडला.

“ती ऱ्हाऊ दे गं, ऱ्हाऊ दे नव्यात.” त्यांनी बांगडी दुसऱ्या हाताने फिरवली. “तुझ्या सासूनं भरलेली हाय. एवढी एकच टिकलीया.”

मेहमुदाने ती तशीच ठेवली. चुडा पुसला, हळदीकुंकवाची डबी पुढे केली. चिमणाबाई उठल्यावर सुपातले तुकडे गोळा करता करता, वर न बघता ती म्हणाली, “अब्बा, हात रिकामा ठिवायचा न्हाई, एवढंच हाय न्हवं आपलं? मग एक ठिवा. बाकीच्या वाढवा.”

रफिकच्या हातातली दोरी थांबली.

“म्हंजे?” गैबींनी विचारलं.

“समदी तासायची कशाला? कडंची थोडी ऱ्हाऊ द्या अम्मींची. तुमची भरा शेजारी.”

 गैबींनी फळीवरची गुंडाळी मागून घेतली, कापूस सोडला, बांगडी उजेडाकडे धरली. तपकिरी मेणावर सुईच्या चऱ्या केसाहून बारीक दिसत होत्या. मधल्या भागात त्या जवळजवळ पुसल्या होत्या. शेवटच्या कडेला, बोटभर रुंदीत, अजून ठसठशीत होत्या.

“हितं काय हाय?” त्यांनी विचारलं.

“कुणास ठावं,” रफिक म्हणाला. “गाणं मधीच सपतंय. मी सुई उचलायचो तिथं. पुढं कवा लावलीच न्हाई.”

“रिकामं फिरत आसंल,” गैबी म्हणाले. त्यांनी एकदा लावायला सांगितली. यंत्र तडतडलं. ते डोळे मिटून गाणं संपेपर्यंत बसले. गाणं संपलं तिथे रफिकने सवयीने सुई उचलली. गैबींनी बांगडी स्वतः दांड्यावरून उतरवली, मुलाच्या हातात दिली आणि म्हणाले, “कडंची ठेव. बाकीची वाढव.”

दुपारी दुकानाची एक फळी लावून घेतली. हंबीरराव आले, कोपऱ्यात उकिडवे बसले. रफिकने नखाने खूण केली आणि रंधा लावला. मेणाचा पातळ पापुद्रा वेटोळं होऊन खाली पडू लागला. मेहमुदाने सूप पुढे सरकवलं आणि काचेचे तुकडे गोळा करतात तसे ते वेटोळे गोळा केले. खुणेपाशी आल्यावर रफिकने रंधा हळूहळू वर घेतला, म्हणजे कडेला पायरी न राहता उतार राहावा. गैबींनी या वेळात एकदाही यंत्राकडे बघितलं नाही. बाहेर बोळात कोणी कोथिंबीर विकत होता, त्याच्याकडे बघत होते.

जागा कमी उरली होती. सगळी रिवायत बसणार नव्हती. एकच कडवं.

“लढाईचं घ्या,” हंबीरराव म्हणाले. “तरवारीचं. अंगावर काटा येतो.”

“तरवारीला दम लागतो,” गैबी म्हणाले. “पान्याचं घेतो.”

त्यांनी टोपी सारखी केली आणि कर्ण्याजवळ तोंड नेलं. रफिकने सुई सोडून मान हलवली.

पखाल फुटली वाटंवरती, पानी पिऊन गेली माती,
तंबूमधल्या लेकरांच्या कोरड्या वाट्या हाती.

दुसऱ्या ओळीत ‘कोरड्या’ या शब्दावर आवाज फाटला. त्यांनी तो सावरला नाही, तसाच पुढे नेला आणि शेवटचा सूर जितका लांबवता येईल तितका लांबवला. सूर संपला. रफिकने सुई उचलली.

“परत घेऊ?” त्याने विचारलं. “मेण हाय अजून थोडं.”

“न्हाई,” गैबी म्हणाले. “झाली ती झाली.”

आवाज उमटला की नाही हे बघण्यापुरती रफिकने ती एकदा लावली, शेवटच्या सुराला उचलली आणि कापसात ठेवली. हंबीरराव डोळे पुसत बाहेर गेले. गैबींनी तिसऱ्या दिवशी मिरजेची गाडी पकडली. त्याआधी ते घरात सगळ्यांशी थोडंथोडं बोलले, बहुतेक नेहमीचंच. परड्यातला गंजका पत्रा काढा, उधारीवर काच देऊ नका.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. जीव राहिला. गैबी गळ्याला पांढरं फडकं बांधून परत आले. ते हाताने खुणा करत, आणि मेहमुदाला त्या सगळ्यांच्या आधी कळत. दुकानात ते पूर्वीच्याच जागी बसू लागले. आकाराम रोज येऊन बसे आणि त्यांच्या वाटचंही बोले. एकदा म्हणाला, “चाचा, कंपनीनं चूक केली. मी तबकडीवाला हाय तरी म्हनतो.” गैबींनी हात हलवला. त्याचा अर्थ आकारामने ‘असू दे’ असा घेतला.

मोहरम थंडीत आला. तालमीच्या चौकातल्या खड्ड्यात मोहरमची खाई पेटली होती. पंजा हिरव्या कापडात बांधून तयार होता. सगळे बसले तेव्हा हंबीररावांनी तिवईवर यंत्र मांडायला सांगितलं. सयाजीने आधी आपल्याला येईल तशी रिवायत म्हटली. पाण्याच्या कडव्यापाशी ठरल्याप्रमाणे तो थांबला. रफिकने बांगडी चढवली. गैबी यंत्राच्या शेजारी घोंगडीवर बसले होते.

कर्णा लहान, चौक मोठा. मागच्या लोकांना ऐकू यावं म्हणून पुढचे श्वास रोखून बसले. पखाल फुटली. पाणी मातीने प्यायलं. ‘कोरड्या’वर आवाज फाटला तेव्हा मागे कोणी बाई रडली. शेवटचा सूर लांबला, बारीक झाला, संपला. रफिकचा हात सवयीने सुईकडे गेला.

गैबींनी त्याचं मनगट धरलं.

त्यांना स्वतःच्या आवाजानंतरची शांतता ऐकायची असावी, असं रफिकला वाटलं. त्याने हात मागे घेतला. सुई खरखरत पुढे गेली, उतारावर चढली, टक् झालं. आणि कर्ण्यातून बाईचा आवाज आला. स्वच्छ, जवळचा, आताच्या आता बोलल्यासारखा. गाण्याचा नव्हे, दुकानातलाही नव्हे. आत घरात बोलायचा, दखनीतला, झालं का असं विचारणारा.

“हुया क्या जी?”

थोडी खरखर. मग लांब कुठेतरी एका पुरुषाचा खोकला. गैबींचा, तेव्हाचा. आणि पुन्हा ती:

“पानी देऊं?”

बांगडी संपली. सुई कडेला नुसती फिरत राहिली. ती उचलायचं रफिकच्या लक्षात राहिलं नाही. चौकातल्या निम्म्या लोकांना तो आवाज कोणाचा हे माहीत होतं. त्यांच्या बायकांच्या हातात तिने बांगड्या भरल्या होत्या. 

गैबींनी मान हलवली. त्यांचे ओठ उघडले आणि मिटले. आवाज आला नाही, पण जे जवळ बसले होते त्यांना कळलं की ते ‘दे’ म्हणाले.

हंबीरराव उठले, रांजणातून गडवा भरून आणला आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. गैबी ते पाणी हळूहळू, थांबत थांबत प्यायले. त्यांचं पिऊन होईपर्यंत पंजा उचलायला कोणी पुढे झालं नाही.